तिरंग्यात रंग चार, मग नाव 'तिरंगा' का?

पाचपाखाडीकर | १० ऑगस्ट, रात्री १०:४२

मंडळी, भाच्याने अडकवलंय. सोडवा.

बहिणीचा मुलगा, इयत्ता तिसरी. शाळेतून १५ ऑगस्टनिमित्त एक झेरॉक्स कागद घरी आला. कोरा झेंडा, आत रंग भरायचे, आणि खाली रिकाम्या जागा: 'आपल्या झेंड्याला ____ म्हणतात, कारण त्यात ____ रंग आहेत.' पठ्ठ्याने तेलखडूंची पेटी काढली. वर केशरी, खाली हिरवा, मधे कागद तसाच ठेवला आणि निळ्याने चक्र काढलं. आरे मोजून मोजून काढत होता, अठरावर जागा संपली. मग रिकाम्या जागा भरल्या. पहिलीत 'तिरंगा', दुसरीत 'चार'.

बाईंनी 'चार'वर लाल फुली मारून 'तीन' लिहिलं. तेव्हापासून घरात असहकार चालू आहे. बहिणीने 'मामाला विचार, मामाला सगळं येतं' म्हणून माझ्याकडे ढकललं. मी म्हटलं, अरे चक्र धरायचं नसतं. तर म्हणे, "का? मग काढायला कशाला सांगितलं?"

यावर मामा गप्प. तुमच्यापैकी कुणाकडे सरळ उत्तर आहे का? विकीची लिंक नको, तिसरीतल्या पोराला पटेल असं सांगा.

कटिंग_आणि_क्रीमरोल | १० ऑगस्ट, रात्री १०:५१

चार रंगांचा म्हणून 'चौरंगा' म्हणायला गेलात तर आई त्यावर कलश मांडून सत्यनारायण घालेल. म्हणून तिरंगा. पुढचा प्रश्न?

वाखूसा_फक्त | १० ऑगस्ट, रात्री ११:०३

वाचतेय. रुमाल टाकून ठेवते.

सिग्नलला_उभा | १० ऑगस्ट, रात्री ११:२०

पाचपाखाडीकर, तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर उत्तर आहे. पोराला ठाण्यातल्या तीन हात नाक्यावर न्या आणि हात, म्हणजे रस्ते, मोजायला सांगा. हायवे इकडून, हायवे तिकडून, एलबीएस, नौपाड्याकडचा, वागळेकडचा... तीनवर थांबलात तर माझ्याकडून वडापाव. नाव पडलं तेव्हा ज्याने मोजलं त्याने त्याच्या सोयीने मोजलं. नंतर कुणी रस्ते वाढले म्हणून पाटी बदलत नाही. तुमच्या पाचपाखाडीत तरी आता कुणी पाखाड्या मोजतं का?

पाचपाखाडीकर | १० ऑगस्ट, रात्री ११:३४

सांगून पाहिलं. उत्तर आलं: "मग नाक्याचं नाव पण चुकलंय."

वाशीची_वीणा | ११ ऑगस्ट, सकाळी ७:१५

नाक्याची उपमा गमतीशीर आहे, पण इथे ती थोडी उलटी पडते. नाक्याला रस्ते नंतर जोडले गेले असतील. झेंड्यात निळा नंतर घुसला असं नाही. जरा मागून सांगते.

१९२१ साली बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, काँग्रेसची बैठक होती. तिथे पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना झेंड्याचा नमुना दाखवला, लाल आणि हिरवा. चरखा असावा ही सूचना जालंधरच्या लाला हंसराज यांची, आणि पांढरा पट्टा गांधीजींनी घालायला लावला. तेव्हाचा क्रम आज पाहिला तर डोळ्यांना खटकतो: सगळ्यात वर पांढरा, मधे हिरवा, खाली लाल, आणि चरखा तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला. नागपूरचा १९२३ चा झेंडा सत्याग्रह याच झेंड्यासाठी झाला. शाळेच्या नाटकांत तेव्हाच्या सत्याग्रहींच्या हाती आजचा झेंडा देतात ते म्हणूनच चूक. लोक त्याला स्वराज्याचा झेंडा, चरख्याचा झेंडा असं म्हणत.

मग १९३१. रंग म्हणजे धर्म असा अर्थ लावून भांडणं होऊ लागली होती, म्हणून कराचीच्या अधिवेशनात समिती नेमली. समितीने काय सुचवावं? अख्खा झेंडा एकच केशरी, त्यावर चरखा. म्हणजे हे मान्य झालं असतं तर आज भाच्याला काही प्रश्नच पडला नसता. ते मान्य झालं नाही. ऑगस्टमध्ये मुंबईला काँग्रेस महासमितीने केशरी, पांढरा, हिरवा असे पट्टे ठरवले आणि पांढऱ्यावर गडद निळा चरखा. रंग गुणांचे आहेत, जमातींचे नाहीत, हेही तेव्हाच स्पष्ट केलं.

म्हणजे निळा तेव्हापासून आहे आणि तरीही झेंडा तिरंगीच.

आता खरी गंमत. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेत नेहरूंनी ठराव मांडला त्याचं वाक्य असं आहे की झेंडा आडव्या पट्ट्यांचा तिरंगी असेल, गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा, तिन्ही सारख्या प्रमाणात. वाक्य इथे संपतं. मग पुढच्या वाक्यात, पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी नेव्ही ब्लू रंगाचं चक्र असेल, चरख्याचं प्रतीक म्हणून. निळा रंग ठरावात आहे, नावानिशी आहे, पण 'तिरंगी' हा शब्द त्याच्या आधीच मोजून मोकळा झालाय. मोजणी कापडाच्या पट्ट्यांची. चक्र हे त्या कापडावर काढलेलं चित्र.

पोराला सांगा, तुझा शर्ट पांढरा आहे असं आपण म्हणतो, खिशावर शाळेचा बिल्ला लाल असला तरी.

पाचपाखाडीकर | ११ ऑगस्ट, सकाळी ८:०२

वीणाताई, शर्टाचा दाखला आज संध्याकाळी वापरून बघतो. एक विचारतो, चरखा काढून चक्र का आणलं?

वाशीची_वीणा | ११ ऑगस्ट, सकाळी ८:२५

नेहरूंनी त्याच भाषणात कारण दिलंय आणि ते अगदी शिंपीकामाचं आहे. झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा. चरख्याला एका टोकाला चाक आणि दुसऱ्या टोकाला चाती. मागच्या बाजूने पाहिलं की उलटा. चाक मात्र कुठूनही चाकच. मग चाक कसलं, तर सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शिरोभागावरचं, चोवीस आऱ्यांचं.

(भाच्याचे अठरा आरे बाईंनी चालवून घेतले का? रंगांना फुली आणि आऱ्यांना माफी?)

रोखठोक_कळवा | ११ ऑगस्ट, सकाळी ९:४०

वरच्या पट्ट्याला केशरी म्हणायचं की भगवा ते एकदा ठरवा. गेल्या वर्षी आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर यावरून तीनजण ग्रुप सोडून गेले.

वाशीची_वीणा | ११ ऑगस्ट, सकाळी ९:५८

ठरावाच्या इंग्रजी मजकुरातच 'केसरी' हा शब्द आहे. त्याच दिवशी राधाकृष्णन बोलले तेव्हा त्यांनी 'भगवा' म्हणत त्यागाचा अर्थ सांगितला. दोन्ही शब्द एकाच सभागृहात, एकाच दिवशी. तिघांनाही ग्रुपवर परत घ्या.

संपादक मंडळ | ११ ऑगस्ट, दुपारी १२:१०

या मुद्द्यावरचे पुढचे सात प्रतिसाद उडवले आहेत. धाग्याचा विषय टोपणनाव आहे. कृपया त्यावरच बोला.

नाळेवरून | ११ ऑगस्ट, रात्री ९:३०

नेरूळहून. वीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, आता बेलापूरला खुर्ची गरम करतो. झेंड्यांच्या टोपणनावांवर बोलायचं तर आम्हा जहाजवाल्यांना विचारा. डेकवर नवीन पोरगं आलं की त्याचं पहिलं काम झेंडे चढवणं-उतरवणं. परक्या बंदरात शिरताना त्या देशाचा झेंडा डोलकाठीवर उजव्या अंगाला लावायचा, मान म्हणून. न लावला किंवा उलटा लावला तर बंदराचे लोक तिथेच झापतात. त्यामुळे कपाटात सगळ्या देशांच्या गुंडाळ्या रचलेल्या असतात, आणि आम्ही त्यांना देशाच्या नावाने कमी, टोपणनावानेच जास्त हाक मारायचो.

आपल्याला सगळ्यात ओळखीचं म्हणजे युनियन जॅक. इतिहासाच्या पुस्तकात 'युनियन जॅक खाली उतरला' हे वाक्य प्रत्येकाने वाचलंय, पण जॅक कोण? माणूस नव्हे. जॅक म्हणजे जहाजाच्या नाळेवर, पुढच्या टोकाला लावायचा लहान झेंडा. तिथून नाव अख्ख्या राष्ट्रध्वजाला चिकटलं. यावर तिकडेही तुमच्यासारखेच वाद: जमिनीवर असेल तर 'जॅक' म्हणू नये, 'युनियन फ्लॅग'च म्हणावं, असं काही लोक आजही डोळे वटारून सांगतात. १९०८ साली त्यांच्या संसदेत सरकारने सांगून टाकलं की युनियन जॅक हाच राष्ट्रध्वज मानावा. वाद काही थांबला नाही. आणि रंग मोजणाऱ्या भाच्याला सांगा, त्या झेंड्यात इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड यांचे क्रॉस आहेत, वेल्सचं काहीच नाही. तरी नाव 'युनियन'. मोजायला गेलं की सगळ्यांचंच कमी-जास्त भरतं.

अमेरिकेच्या 'ओल्ड ग्लोरी'ची गोष्ट मला फार आवडते. ते नाव आधी एकाच झेंड्याचं होतं. विल्यम ड्रायव्हर नावाचा कप्तान, त्याने १८३१ साली स्वतःच्या जहाजावरच्या झेंड्याला ते नाव दिलं. म्हातारपणी तो नॅशव्हिलला राहत होता. यादवी युद्ध पेटलं, शहर विरुद्ध बाजूच्या ताब्यात, तेव्हा त्याने तो झेंडा रजईत शिवून लपवला. आपल्याकडच्या आज्यांनी गोधडीत पैसे शिवावेत तसा. १८६२ मध्ये उसवून बाहेर काढला. एका म्हाताऱ्याच्या झेंड्याचं लाडकं नाव नंतर सगळ्या देशाचं झालं.

डेन्मार्कचा डॅनेब्रॉग तर १२१९ च्या लढाईत आभाळातून पडला अशी दंतकथा. जपान्यांचा हिनोमारू, म्हणजे सूर्याचा गोल. मलेशियाने १९९७ मध्ये मुद्दाम नाव ठेवलं, जालुर गेमिलांग, म्हणजे तेजस्वी पट्टे. पण सरकारने बारसं केलेलं नाव वेगळं आणि लोकांच्या तोंडी आपोआप बसलेलं वेगळं. तिरंगा दुसऱ्या जातीतला.

अवांतर: आपल्या व्यापारी जहाजांचा झेंडा तिरंगा नसतो हे किती जणांना माहितेय? लाल कापड आणि वरच्या कोपऱ्यात लहानसा तिरंगा. पहिल्यांदा बोटीवर सोडायला आलेल्या माझ्या आईने वर बघून विचारलं होतं, "ही कुठल्या पक्षाची बोट रे?"

कटिंग_आणि_क्रीमरोल | ११ ऑगस्ट, रात्री ९:४४

आई १००, जहाज ०.

दिवाळ्याचा_नाखवा | ११ ऑगस्ट, रात्री १०:२०

नाळेवरून दादा, मस्त लिवलंत. आमच्या दिवाळे कोळीवाड्यात जुनी माणसं झेंडा पण बोलत नाय, बावटा बोलतात. बंदरात तीन नंबरचा बावटा लागला की होडी काढायची नाय, एवढं बारक्या पोरांना पण ठावं असतंय. माझा आजा पंधरा ऑगस्टला शाळेत आला होता एकदा, मास्तर बोलले 'तिरंगा', आजा हळूच मला विचारतो, "म्हंजे आपला सरकारी बावटाच ना?" त्याच्या हिशोबी बावटा दोनच जातीचा. एक धोका सांगनारा, एक मान द्यायचा.

नारळी पुनवेला होड्या सजवतात तेव्हा पताकांच्या मधी तिरंगा पण लावतात. पण वाऱ्यानं चिंध्या झाल्या की तसाच ठेवनारे पन हायत, ते बरोबर नाय.

निवृत्त_खडू | १२ ऑगस्ट, सकाळी ६:३०

चाळीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसणं अवघड होतंय.

'तिरंगा' हा शब्द मुळात आपला घडणीचा नाही. मराठीत रंगांचं विशेषण करताना आपण 'ई' लावतो. एकरंगी, दुरंगी, पंचरंगी पोपट. निवडणुकीत तिरंगी लढत होते, क्रिकेटमध्ये तिरंगी मालिका होते, कुणी 'तिरंगा लढत' म्हणत नाही. आमच्या लहानपणी, म्हणजे साठच्या दशकात, आमचे मास्तर 'तिरंगी झेंडा' म्हणायचे. 'तिरंगा' हे नाम हिंदीतून आलं. बनारसची मिठाईसुद्धा 'तिरंगी बर्फी'च आहे बरं का, २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे हिंदीवालेही खायच्या वस्तूला विशेषण ठेवतात आणि नाम झेंड्यासाठी राखून ठेवतात.

पण आला म्हणून पाहुणा राहिला नाही. हिंदीत 'तिरंगे को सलाम' होतो. आपण 'तिरंग्याला' म्हणतो. ग-ला य जोडून सामान्यरूप झालं, म्हणजे शब्दाने घरच्या चपला घातल्या. परका शब्द मराठी झाला की नाही हे मी नेहमी विभक्तीवरून ओळखतो.

आता मला जे सांगायचंय ते. आपल्याकडे एकाच कापडाला तीन नावं आहेत आणि ती एकमेकांच्या जागी बसत नाहीत. करून बघा. 'झेंडावंदन' म्हणतो, 'तिरंगावंदन' कुणी म्हणत नाही. पोरगं सकाळी पांढरा गणवेश घालून 'झेंड्याला' जातं, 'राष्ट्रध्वजाला' जात नाही. नियम, परिपत्रक, संहिता यांत 'राष्ट्रध्वज'. आणि सीमेवरचा जवान गावी परत येतो तेव्हा तो 'तिरंग्यात लपेटलेला' येतो. तिथे 'झेंड्यात' लिहून पाहा, हात थबकतो. 'राष्ट्रध्वजात' लिहिलं तर सरकारी पत्र वाटतं.

'झेंडा' हा शब्द आपण फार कामाला लावलाय, म्हणून असेल. अटकेपार झेंडे लागले ते अभिमानाचे, आणि सहामाहीचा निकाल बघून बाप विचारतो 'काय झेंडे लावलेस?' तेही झेंडेच. जो शब्द चेष्टेतही चालतो तो शोकात नेववत नाही. 'तिरंगा' चेष्टेत कुणी वापरत नाही. मराठ्यांच्या निशाणांतही असंच होतं. झेंडे पुष्कळ, पण 'जरीपटका' म्हटलं की तो एकच.

तेव्हा भाच्याचा प्रश्न मला 'किती रंग' असा वाटत नाही. टोपणनाव हे वर्णन करायला सुरू होतं आणि पुढे विशेषनाम होतं. विशेषनामाचा अर्थ कोण तपासतो? काळे आडनावाचा माणूस गोरा असला म्हणून आपण त्याला आडनाव बदलायला लावत नाही.

पाचपाखाडीकर | १२ ऑगस्ट, सकाळी ९:१२

सर, दंडवत. हे त्याला सांगितलं. त्याच्या वर्गात एक काळे आहे आणि तो खरंच गोरा आहे. पहिल्यांदाच पठ्ठ्या थोडा हलला. "पण मग रिकाम्या जागेत 'कारण' का लिहिलंय?" हे मात्र उरलंच. त्याचं बरोबर आहे हो, प्रश्नपत्रिकेनेच कारण मागितलंय.

सीवूड्सचा_शेजार | १२ ऑगस्ट, सकाळी १०:०५

आमच्या मजल्यावर चार दारं, चार भाषा. काल लिफ्टपाशी उभं राहून सर्वेक्षण केलं. तेलुगू काकू म्हणाल्या 'मुव्वन्नेल जेंडा', म्हणजे तीन वर्णांचा झेंडा. तमिळ आजोबा म्हणाले 'मूवर्णक्कोडी', मू म्हणजे तीन. कन्नडमध्ये 'त्रिवर्ण ध्वज'. कुणीही चार मोजत नाही! तेलुगू काकूंनी मग 'पिंगली वेंकय्या आमच्याकडचे' हे दोनदा सांगितलं आणि वर गोंगुऱ्याचं लोणचं दिलं. फायद्याचा धागा.

बिनतारी_अभियंता | १२ ऑगस्ट, दुपारी १:३०

मी आकड्यातला माणूस. भारतीय मानक ब्यूरोच्या मानकांची यादी कुठून सुरू होते माहितेय का? आयएस १. तो राष्ट्रध्वजाचा आहे, १९५१ सालचा. सिमेंट, सळई, गॅस शेगडी सगळे नंतर. त्यात धाग्यापासून रंगाच्या छटेपर्यंत सगळं बांधून दिलंय. झेंड्याचे नऊ प्रमाणित आकार, सगळ्यात मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सगळ्यात लहान १५० बाय १००, तो टेबलावरचा. लांबी-रुंदी कायम तीनास दोन. सोसायट्यांत बहुतेकदा ९०० बाय ६०० असतो. त्यात पांढरा पट्टा २०० मिलिमीटरचा आणि चक्राचा व्यास १८५. म्हणजे चक्र पांढऱ्याच्या पोटात मावतं, वर-खाली जेमतेम साडेसात मिलिमीटर सोडून. सिग्नलला विकायला असतात त्यांतल्या बऱ्याच झेंड्यांत चक्र लिंबाएवढं किंवा अंडाकृती. मला ते बघवत नाही. बायको म्हणते, तू घरीच थांब.

घोडबंदर_रोज | १२ ऑगस्ट, दुपारी ३:४८

नावाच्या वापराबद्दल कुणी बोललंच नाही. ऑगस्ट आला की तिरंगा ढोकळा, तिरंगा पुलाव, तिरंगा सँडविच, तिरंगा बांगड्या, सलूनमध्ये तिरंगा फेशियल(!). हे चालतं का?

निवृत्त_खडू | १२ ऑगस्ट, संध्याकाळी ५:२०

ढोकळा 'तिरंगी' आहे. एवढंच माझं म्हणणं.

रोखठोक_कळवा | १२ ऑगस्ट, संध्याकाळी ६:०५

ढोकळ्याचं जाऊ द्या, तीन रंगांचा पदार्थ म्हणजे झेंडा नव्हे. त्यावर चक्र काढून ते सुरीने कापणं मला व्यक्तिशः नको वाटतं. पण धंद्यासाठी झेंड्याचं नाव किंवा चित्र ट्रेडमार्कसारखं वापरायला १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांच्या कायद्याने बंदी आहे. ध्वजसंहितेत उशीचे अभ्रे, रुमाल, नॅपकिन, अंतर्वस्त्रं यांवर झेंडा छापू नये, भरतकाम करू नये असं आहे. कपड्यांचं म्हणाल तर २००५ च्या दुरुस्तीनंतरही कमरेखाली चालत नाही.

उलट बाजूही सांगतो. सामान्य माणसाला वर्षभर घरावर झेंडा लावता येत नव्हता हे आजच्या पोरांना खोटं वाटेल. २६ जानेवारी २००२ पासून नवी संहिता आली तेव्हा मोकळीक मिळाली, आणि २००४ मध्ये उद्योगपती नवीन जिंदल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान राखून झेंडा फडकवणं हा नागरिकाचा अधिकार मानला. डिसेंबर २०२१ पासून खादीबरोबर पॉलिएस्टर आणि मशीनवर केलेलाही चालतो, जुलै २०२२ पासून घरावर रात्रीही ठेवता येतो. 'हर घर तिरंगा' त्याच ऑगस्टमधलं. तेव्हापासून 'तिरंगा' हा शब्द मराठी घरांत जास्त ऐकू येतो असं मला वाटतं. आमची आई पूर्वी 'झेंडा आणलास का' विचारायची, आता 'तिरंगा आणलास का' विचारते.

वाखूसा_फक्त | १२ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

माझ्या सासूबाई अजून 'झेंडा'च म्हणतात, आणि १६ ऑगस्टला इमारतीच्या आवारात पडलेले कागदी झेंडे वेचत फिरतात. गेल्या वर्षी एक पिशवी भरली होती. फाटलेला झेंडा कचऱ्यात टाकायचा नसतो, एकांतात मान राखून जाळायचा, हे त्यांना संहितेशिवायच माहीत आहे.

पाचपाखाडीकर | १५ ऑगस्ट, रात्री ९:१५

अपडेट देतो, कारण आज जे झालं ते इथे सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

बहिणीच्या सोसायटीत सकाळी आठला झेंडावंदन. भाचा पुढच्या रांगेत. झेंडा घडी करून, आत झेंडूच्या पाकळ्या भरून, दोरीला बांधून वर चढवून ठेवलेला. प्रमुख पाहुणे म्हणून एक ज्येष्ठ डॉक्टरबाई. त्यांनी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. काठी वाकली, झेंडा जागचा हलला नाही. 'जरा जोरात' असं मागून तीनजण म्हणाले. एकाने राष्ट्रगीत सुरू करायला म्हणून भोंग्याचं बटण आधीच दाबलं होतं, त्यामुळे आम्ही सगळे ताठ उभे, राष्ट्रगीत चालू, आणि वर पुरचुंडी.

राष्ट्रगीत संपलं. मग दुसऱ्या मजल्यावरचे काका पुढे आले, शाळेत एनसीसी शिकवायचे. पुरचुंडी खाली उतरवली, गाठ हातात घेतली आणि ज्याने बांधली होती त्या कमिटीवाल्याकडे नुसतं पाहिलं. "निरगाठ मारलीय." तो म्हणाला, सुटू नये म्हणून घट्ट मारली. काकांनी दाताने सैल केली, सगळ्या पोरांना जवळ बोलावलं आणि दाखवलं. घडीभोवती दोरीचे दोन वेढे, मग दोरीचा शेपूट आत न ओढता त्याचा फक्त लूप आत सरकवायचा. ही सुरगाठ. खालून एक हिसका बसला की लूप निसटतो, वेढे आपोआप सुटतात. भाच्याकडून तीनदा करून घेतली. मग पुन्हा वर चढवला, डॉक्टरबाईंनी दोन बोटांनी ओढली, आणि फट्! पाकळ्या थेट त्यांच्या चष्म्यावर. पुन्हा राष्ट्रगीत, यावेळी भोंग्याशिवाय, आमच्या आवाजात. जास्त छान झालं खरं तर.

संध्याकाळी उतरवताना काकांनी भाच्याला मुद्दाम बोलावलं. चढवायचा चटकन, उतरवायचा सावकाश, असा नियम असतो म्हणाले. मग दोघांनी मिळून घडी. झेंडा आडवा धरला. केशरी पट्टा पांढऱ्याच्या मागे दुमडला, हिरवाही मागे दुमडला. मग दोन्ही बाजूंनी पांढरा आत आत घेत आणला. शेवटी तळहातावर एवढीशी चौकोनी घडी राहिली. वर चक्र, आणि त्याच्या कडांना केशरी-हिरव्याची बोटभर किनार.

भाचा बराच वेळ त्या घडीकडे बघत होता. म्हटलं आता विचारणार. विचारलं नाही. काकांना म्हणाला, "मी नेऊ का ऑफिसात?" आणि दोन्ही तळव्यांवर धरून, लिफ्टची वाट न बघता, जिन्याने चालत वर घेऊन गेला.

निवृत्त_खडू | १५ ऑगस्ट, रात्री ९:४०

सुरगाठ आणि निरगाठ हे शब्द आजच्या तिसरीतल्या पोराच्या कानावर पडले, यातच माझा १५ ऑगस्ट पावला. ते राहू द्या, एक सांगतो. दिल्लीत १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात आणि २६ जानेवारीला वर बांधलेला उघडतात. आपल्या सोसायट्या दोन्ही दिवशी गाठच सोडतात. चढवला असता तर निरगाठीचा प्रश्नच आला नसता.

नाळेवरून | १५ ऑगस्ट, रात्री ९:५२

बोटीवर निरगाठ मारणाऱ्याला दिवसभर डेक घासायला लावतात. कमिटीवाल्यांना कळवा.

कटिंग_आणि_क्रीमरोल | १५ ऑगस्ट, रात्री १०:०१

पण रिकाम्या जागेचं काय झालं शेवटी?

पाचपाखाडीकर | १५ ऑगस्ट, रात्री १०:१८

आत्ताच बहिणीने कागदाचा फोटो पाठवला. बाईंचं लाल 'तीन' तसंच ठेवलंय. त्याच्या पुढे पेन्सिलने, बारीक अक्षरात एक शब्द घुसवलाय. आता वाक्य असं वाचायचं: 'आपल्या झेंड्याला तिरंगा म्हणतात, कारण त्यात तीन पट्ट्यांचे रंग आहेत.'

वाशीची_वीणा | १५ ऑगस्ट, रात्री १०:२५

संविधान सभेत पाठवा त्याला. आणि आरे?

पाचपाखाडीकर | १५ ऑगस्ट, रात्री १०:२७

अठराच आहेत. बाईंच्या अजून लक्षात आलेलं नाही, आणि आम्ही कुणी बोलणार नाही.